बॅकअप फसला, तरी स्क्रिप्ट थांबत का नाही?

प्रश्न (खानापूर):
नमस्कार. आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर रोज रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) एक बॅश स्क्रिप्ट (लिनक्स कमांडची यादी असलेली फाइल) चालते. मायएसक्यूएल-डम्पचे (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) आउटपुट पाइपमधून, म्हणजे थेट पुढच्या कमांडला जोडून, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे जाते, तयार झालेली फाइल आरसिंकने (फायली दुसऱ्या संगणकावर पाठवणारी कमांड) बेळगावच्या शाखेत पाठवली जाते आणि शेवटी सात दिवसांपूर्वीच्या फायली पुसल्या जातात. मागे डेटाबेसचा पासवर्ड बदलला, तो स्क्रिप्टमध्ये बदलायचा माझ्याकडून राहिला. पाच रात्री प्रत्येकी २० बाइटची फाइल तयार होत गेली, आणि लॉगमध्ये मात्र ‘बॅकअप पूर्ण’ असेच उमटत राहिले. आणखी काही रात्री अशाच गेल्या असत्या, तर शेवटची चांगली प्रतही पुसली गेली असती, या विचाराने अजून धास्ती वाटते. कमांड फसताच स्क्रिप्ट थांबवणारे ‘सेट -ई’ सुरुवातीलाच लिहिलेले असताना स्क्रिप्ट थांबली का नाही?

उत्तर (निपाणी):
पाइपलाइनचा एक्झिट कोड (काम संपताना मिळणारा आकडा; ० म्हणजे यशस्वी) हा तिच्यातील शेवटच्या कमांडचा धरला जातो. डम्प फसला, पण जीझिपने रिकामे इनपुटही बिनतक्रार दाबून ० परत केला. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल २० बाइटचीच होते. ‘सेट -ओ पाइपफेल’ ही ओळ वर जोडा, म्हणजे मधली कमांड फसली तरी पूर्ण पाइपलाइन फसलेली धरली जाईल.

उत्तर (बेळगाव):
पाइपफेल हवेच, पण तेवढ्यावर विसंबू नये. ‘जीझिप -टी’ने (दाबलेली फाइल शाबूत आहे का ते पाहणारी कमांड) तपासल्यास ती २० बाइटची फाइलही निर्दोष ठरते, म्हणून डम्पच्या शेवटी ‘डम्प कंप्लीटेड’ ही ओळ आहे का, ते पाहावे. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, या तपासणीत ती उतरल्यावरच तिला खरे नाव द्यावे, आणि जुन्या फायली पुसण्याची पायरी त्यानंतरच यावी.

प्रत्येक चुकीला सारखीच वागणूक देणेही बरोबर नाही. पासवर्ड चुकला, तर पुन्हा प्रयत्न करून काही हाती लागत नाही, तिथे थांबणेच योग्य. परंतु खानापूरच्या पावसात इंटरनेटची लाइन गेल्यामुळे एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) जोडले गेले नाही आणि आरसिंकने २५५ हा एक्झिट कोड दिला, तर दहा मिनिटे थांबून दोन-तीनदा पुन्हा पाठवून पाहावे. त्यासाठी आरसिंकच्या ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा (||) देऊन त्यांच्यानंतर कोड एका व्हेरिएबलमध्ये घ्या, नाहीतर ‘सेट -ई’ तिथेच स्क्रिप्ट संपवेल.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आज मुद्दाम चुकीचा पासवर्ड घालून पाहिले: स्क्रिप्ट डम्पच्या ओळीवरच थांबली, ‘बॅकअप पूर्ण’ आले नाही आणि जुन्या सातही फायली जागेवर राहिल्या. आता लाइन काढून आरसिंकची पायरी तपासतो.