अनेकनायकी चित्रपटांचा अभ्यास: गाठी मोजायच्या की माणसे पाहायची?
(चौघांमधील चर्चा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

मध्यंतर:
एकाच नायकाभोवती न फिरता पाच-सहा पात्रांच्या कथा एकमेकींना छेद देत पुढे नेणाऱ्या चित्रपटांवर गेल्या दोन दशकांत बरेच अभ्यासपूर्ण लेखन झाले आहे. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी या रचनेकडे माणसांच्या जाळ्याचे कथन म्हणून पाहिले आणि त्यातील योगायोग, अपघात, अनोळखी माणसांच्या भेटी यांची बारकाईने फोड केली. २००५ च्या सुमारास अशा चित्रपटांसाठी ‘हायपरलिंक सिनेमा’ (संकेतस्थळांवरच्या दुव्यांसारखा एका कथेतून दुसरीत नेणारा चित्रपट) हा शब्द समीक्षेत रुळला. अभ्यासक मारिया देल मार अझकोना यांनी २०१० मधील आपल्या पुस्तकात अनेकनायकी चित्रपट हा स्वतंत्र चित्रप्रकारच मानावा, असा पक्ष मांडला. हे काम मोलाचे आहेच, परंतु या सगळ्या चर्चेत कथा एकमेकींना कुठे आणि कशा बांधल्या जातात, म्हणजे त्यांच्या गाठींवरच, अधिक भर राहिला. ज्यांना आपण ‘अनेक नायक’ म्हणतो त्यांच्यात नायकपणाची वाटणी कशी होते, हा प्रश्न कडेला पडला, असे माझे मत आहे.

चित्रपट-अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ मध्ये केलेला एक भेद इथे फार उपयोगी पडतो. चित्रपट आपल्याला एखाद्या पात्राच्या सोबत ठेवतो, ही एक गोष्ट. आणि आपण त्या पात्राच्या बाजूने होतो, ही दुसरी. दिग्दर्शक इन्यारितू यांच्या ‘बॅबेल’मध्ये (२००६) मोरोक्को, जपान आणि अमेरिका-मेक्सिकोची सीमा यांना एक बंदूक जोडते, आणि अभ्यासक बहुधा त्या बंदुकीचा माग काढत बसतात. मला मात्र शेवटी कोणाच्या वाट्याला काय येते, हे महत्त्वाचे वाटते. जखमी अमेरिकन स्त्रीला हेलिकॉप्टर नेते आणि ती वाचते. मोरोक्कन भावांपैकी एकाला पोलिसांची गोळी लागते. मुलांना सांभाळणाऱ्या मेक्सिकन बाईला देशाबाहेर काढले जाते. चौथी कथा जपानमधल्या एका बहिऱ्या मुलीची आहे. चारही कथांना पडद्यावर जागा मिळाली, म्हणून चारही कथांतली माणसे सारख्याच अर्थाने नायक ठरतात का?

आडवा धागा:
मी असहमत आहे, आणि आपल्याच उदाहरणावरून असहमत आहे. पात्राच्या वाट्याला आलेले दुर्दैव आणि चित्रपटाने त्याला दिलेले स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या शेवटच्या प्रश्नात त्यांची सरमिसळ झाली आहे. त्याच चित्रपटात धाकटा मोरोक्कन भाऊ बंदूक दगडावर आपटून मोडतो, हात वर करून शरण येतो, आणि दोघे भाऊ वाऱ्यात अंग झोकून उभे असल्याची आठवण आपल्याला दिसते. ती आठवण त्या मुलाची आहे आणि आपण तेव्हा पूर्णपणे त्याच्या सोबतही असतो, त्याच्या बाजूनेही असतो. हेलिकॉप्टर कोणासाठी येते आणि कोणासाठी येत नाही, ही विषमता चित्रपट जगात पाहून मांडतो आहे. ती त्याच्या दृष्टीची विषमता नाही.

गाठींच्या अभ्यासाला आपण दुय्यम ठरवता, तेही मला पटत नाही. दिग्दर्शक ऑल्टमन यांच्या ‘शॉर्ट कट्स’च्या (१९९३) शेवटी भूकंप होतो. तो सगळ्यांना जाणवतो, पण त्यामुळे कोणाचाही प्रश्न सुटत नाही आणि कोणी कोणाच्या जवळही येत नाही. एकाच शहरातल्या माणसांना घटना सामायिक असते, तिचा अर्थ मात्र सामायिक नसतो, हे तिथे रचनाच सांगते. ती गाठ नीट न उलगडता त्या माणसांबद्दल काय बोलता येईल?

परिमाण:
दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे या चित्रपटांतली माणसांची वीण नेहमीच्या चित्रपटांपेक्षा वेगळी असते. जेमी क्रेम्स आणि रॉबिन डनबार या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच तपासले. त्यांनी १२ हायपरलिंक चित्रपटांची तुलना अधिक रूढ धाटणीच्या १० चित्रपटांशी केली, आणि पात्रांच्या संबंधजाळ्यात फारसा फरक आढळला नाही. शेक्सपिअरच्या नाटकांपेक्षाही ती जाळी फार वेगळी नव्हती. एका वेळी किती माणसे संभाषणात असतात, हे प्रमाण तर विशेष चिवट, म्हणजे सहसा न बदलणारे, निघाले. हे चित्रपट जागतिकीकरणाच्या युगाचे नवे रूप आहेत असे अनेकदा म्हटले जाते; तसे म्हणण्यापूर्वी हा निष्कर्ष विचारात घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आडवा धागा:
निष्कर्ष मान्य, पण तो कशाबद्दल आहे हे पाहावे लागेल. कोण कोणाशी बोलते, हे मोजणारी पद्धत संकलनाची कात्री पाहू शकत नाही. ‘मॅग्नोलिया’मध्ये (१९९९) वेगवेगळ्या ठिकाणी, बहुतेक एकटी असलेली पात्रे एकामागून एक तेच गाणे गाऊ लागतात. त्यांच्यात संभाषण नाही, भेट नाही, एकमेकांची जाणीवही नाही. त्या प्रसंगातला संबंध फक्त प्रेक्षकाच्या मनात तयार होतो, आणि या चित्रपटांचे वेगळेपण मुख्यतः तिथेच आहे. नाटकातला प्रेक्षक असा क्षणार्धात पाच घरांतून फिरत नाही.

परिमाण:
हे बरोबर आहे. संभाषणाच्या मोजणीतून तो प्रसंग निसटतो. पण मग ‘जाळे’ हा शब्द पात्रांबद्दल वापरणे थांबवावे, कारण ते जाळे पात्रांचे नाहीच.

उत्तररंग:
अपघात आणि योगायोग यांनाच अनेकनायकी रचनेचा कणा मानण्याची सवय या चर्चेतही दिसते. सत्यजित राय यांच्या ‘कांचनजंघा’मध्ये (१९६२) एका कुटुंबातली आणि त्याच्या परिचयातली माणसे जोड्या-जोड्यांनी फिरत राहतात, कथेचा काळ जवळजवळ चित्रपटाच्या लांबीइतकाच आहे, आणि बंदूक, धडक किंवा भूकंप यांपैकी काहीही घडत नाही. माणसे आधीपासूनच बांधलेली आहेत. तिथे प्रश्न गाठ पडण्याचा नसून ती सुटण्याचा आहे. योगायोगावर बेतलेली व्याख्या अशा चित्रपटाला बाहेरच ठेवते.

मध्यंतर:
वाऱ्यातल्या भावांचा प्रसंग मी पुरेसा लक्षात घेतला नव्हता, हे मान्य करतो. त्यांच्या अंतरंगात चित्रपट शिरत नाही, असे म्हणणे चूक ठरेल. तरी माझा मुद्दा उरतो, फक्त तो अधिक नेमका करायला हवा. जपानमधली बहिरी मुलगी नृत्यगृहात असताना ध्वनी मध्येच पूर्ण थांबतो आणि आपण तिच्या कानांनी ते दृश्य अनुभवतो. इतकी सलग, शरीराच्या पातळीवरची सोबत त्या मेक्सिकन बाईला वाळवंटात मिळते का? माझ्या मते नाही. तिथे तिची तगमग आपण बाहेरून पाहतो. पडद्यावरची मिनिटे मोजून हा फरक सापडणार नाही आणि बंदुकीचा माग काढूनही नाही. प्रत्येक कथेत कॅमेरा आणि ध्वनी पात्राच्या किती आत जातात, याचा दृश्यागणिक अभ्यास व्हावा, एवढीच माझी मागणी आहे.

आडवा धागा:
या मागणीशी मी सहमत आहे. वाळवंटातल्या प्रसंगाच्या आपल्या वाचनाशी मात्र नाही. तिथली मोकळी, सपाट, दिशाहीन दृश्ये मला तिच्याच थकव्याची वाटतात. दृश्यागणिक अभ्यास करायचाच असेल, तर त्याच प्रसंगापासून सुरुवात करू.