आत्याच्या इन्स्टामॅटिकमध्ये जुना रोल तसाच आहे, फोटो निघतील का?

मीनल_ठाणे:
आत्या १९७० ला लंडनला गेली तेव्हा तिथे घेतलेला कोडॅक इन्स्टामॅटिक ३३ कॅमेरा तिच्या माळ्यावर सापडला, ती मला देऊन टाकतेय. मागच्या खिडकीत कोडाकलर-एक्स लिहिलेलं दिसतंय आणि १४ आकडा, म्हणजे आत रोल आहे आणि तो संपलेला नाही. मी अर्धवट दार उघडून लगेच बंद केलं 😟 सगळं गेलं का? आणि नवीन रोल कुठे मिळेल?

डार्करूमवाला:
घाबरू नका, सगळं नाही गेलं. ही १२६ ची कार्ट्रिज आहे, म्हणजे फिल्म भरलेली प्लास्टिकची बंद डबी, १९६३ ला कोडॅकने आणली तीच यासाठी की लोकांना रोल गुंडाळायला लागू नये, फिल्मच्या मागे काळा कागद असतो त्यामुळे दार उघडलं तरी फार तर खिडकीपाशी असलेला एखाद-दुसरा फोटो जातो, बाकीचे प्लास्टिकच्या आत असतात.
आता कार्ट्रिज काढू नका. भिंगावर तळहात घट्ट दाबून खटका दाबा, लिव्हर पूर्ण फिरवा, परत खटका, असं आकडे संपून कागदाचं टोक जाईपर्यंत करा, पण हळू, फिल्म ५० वर्षांची आहे, कडक झाली असेल.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, कलर म्हणून धुवायला देऊ नका!! कोडाकलर-एक्स ही रंगीत फिल्म सी-२२ या जुन्या धुण्याच्या पद्धतीची आहे, ती साधारण २४ डिग्रीला धुवायची, आताची सी-४१ पद्धत जवळपास ३८ ला चालते, त्यात वरचा थर मऊ होऊन सुटू शकतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये धुवायला सांगा, रंग नाही मिळणार पण चेहरे मिळू शकतात.

सदाकाका:
नवीन रोल आता येत नाही. साधी ३५ मिमीची फिल्म जुन्या कार्ट्रिजमध्ये भरतात, पण १२६ ला एका फोटोला एकच भोक असतं आणि ३५ ला पुष्कळ, म्हणून लिव्हर मध्येच अडकते आणि भिंग झाकून जास्तीचे खटके मारावे लागतात. अशी फिल्म भरलीत तर तिच्यामागे काळा कागद नसतो, म्हणून मागच्या खिडकीवर काळी टेप लावा, नाहीतर उजेड शिरेल. फोटो चौकोनी, २८ बाय २८ मिमी, उन्हात सुंदर येतात.

मीनल_ठाणे:
खूप आभार दोघांचे. आत्ताच २० पर्यंत नेला, खटका अजून खणखणीत वाजतो. आत्याला फोन केला तर ती म्हणाली आजी एकदाच लंडनला आली होती तेव्हाचे असतील, थंडीत साडीवर आत्याचा कोट घातलेली. आजीचे त्या वेळचे फोटो आमच्याकडे एकही नाहीत. मुंबई-पुण्यात हाताने ब्लॅक अँड व्हाइट धुणारं कोणी माहीत असेल तर सांगा, मी स्वतः घेऊन जाईन, कुरियरने नाही पाठवणार.