मदत हवी आहे : टू-स्ट्रोक चेतक तापल्यावर बंद पडते, कंडेन्सर की कॉइल?

वडिलांनी 1986 साली इंदूरमध्ये घेतलेली चेतक स्कूटर आजही आमच्याकडे आहे आणि तिचे इंजिन शक्यतो घरीच दुरुस्त करण्याचा माझा विचार आहे. थंड असताना ती दुसऱ्या किकला सुरू होते आणि चार-पाच किलोमीटर उत्तम चालते. मात्र इंजिन तापले की आधी अडखळते, सायलेन्सरमधून एखाद-दुसरा फटका येतो आणि ती बंद पडते. त्यानंतर अर्धा-पाऊण तास थांबल्याशिवाय ती काही केल्या सुरू होत नाही.

येथील एका मेकॅनिकने सिलिंडर बोअर करून (आतून घासून मोठा करून) नवे पिस्टन टाकावे लागेल असे सांगितले असून आठ हजारांच्या आसपास खर्च काढला आहे. मला हे निदान पटत नाही, कारण गाडी बंद पडल्यावरही किकला कॉम्प्रेशन चांगले लागते. उलट त्याच वेळी प्लग काढून, तो इंजिनाला टेकवून किक मारली, तर एरवी निळी आणि ठसठशीत पडणारी ठिणगी पिवळसर, क्षीण दिसते.

पेट्रोलच्या बाजूने शंका उरू नये म्हणून कार्ब्युरेटरचे जेट साफ केले, टाकीचे झाकण सैल ठेवूनही गाडी चालवून पाहिली आणि प्लग नवा बसवला. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल) लिटरमागे 20 मिली घालतो. फ्लायव्हीलच्या खिडकीतून सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) पाहिले तेव्हा त्यांची तोंडे काळवंडलेली होती आणि एका तोंडावर बारीक उंचवटा आला होता. ते घासून, फिलर गेजने 0.4 मिमी अंतर लावले, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तसाच उंचवटा दिसू लागला. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी उडू नये हे काम कंडेन्सरचे, त्यामुळे माझा संशय त्याच्यावर अधिक आहे. परंतु प्लगला उच्च दाबाची वीज देणारी इग्निशन कॉइलसुद्धा तापल्यावर असाच दगा देते, असे ऐकले आहे.

दोन्ही भाग विकत न घेता नेमका दोष कशात आहे हे घरच्या मल्टिमीटरवर ओळखता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. फ्लायव्हील काढण्यासाठी सियागंज बाजारातून पुलर (फ्लायव्हील ओढून काढायचे अवजार) आणणारच आहे, कारण हातोडीने ठोकून क्रँकचे टोक खराब करण्याची जोखीम मला घ्यायची नाही. फ्लायव्हील निघालेलेच असेल, तर त्या बाजूचे ऑइल सील आताच बदलून घ्यावे, की हवा गळतीची लक्षणे नसताना त्याला हात लावू नये?