दहा सेंटिमीटरचा नियम समुद्राला लागू पडत नाही

गोठलेल्या समुद्रावरून चालत जाण्याबद्दलच्या या चर्चेत ‘दहा सेंटिमीटर जाडीचा बर्फ माणसाचे वजन पेलतो, त्यामुळे तुटक्या तुकड्यांवरूनही पलीकडे जाता येते’ असे विधान कोणीतरी केले आहे. यातले दहा सेंटिमीटरचे माप गोड्या पाण्याच्या तळ्यावरच्या सलग, घट्ट बर्फापुरते ठीक आहे, पण समुद्राच्या बर्फाला तेच माप लावणे मला फार धोक्याचे वाटते. समुद्राचे पाणी साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठते आणि गोठताना त्यातले काही मीठ खाऱ्या द्रवाच्या सूक्ष्म कप्प्यांत अडकून राहते, त्यामुळे तितक्याच जाडीचा समुद्री बर्फ गोड्या पाण्याच्या बर्फापेक्षा कमकुवत असतो. शिवाय कोवळा समुद्री बर्फ तडकण्याचा इशारा देईलच असे नाही. तो पायाखाली लवतो आणि मग एकदम खचतो.

भरती-ओहोटी आणि वारा यांचा उल्लेख मात्र या चर्चेत अजून कोणीच केलेला नाही. किनाऱ्याला धरून असलेला बर्फ स्थिर वाटला, तरी त्यापुढचे तुकडे सतत हलत असतात, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला की जाताना पाऊलभर असलेली फट परतताना ओलांडता न येण्याइतकी रुंदावलेली असू शकते. फटीतला बर्फाचा चुरा वर हिम साचल्यावर सलग दिसतो, पण वजन पेलत नाही. म्हणूनच आर्क्टिक प्रदेशातले मूळ रहिवासी असलेले इन्युइट शिकारी पुढचा बर्फ हार्पूनच्या (शिकारीच्या भाल्याच्या) टोकाने ठोकून पाहतात. पाठपिशवीचा कमरपट्टा आधीच सोडून ठेवावा, आणि पाण्यात पडल्यास आलो त्याच दिशेला वळून, पाय मारत, आडवे होऊन लोळत बाहेर यावे, कारण त्या बाजूच्या बर्फाने आपले वजन नुकतेच पेललेले असते.