विषय: पाडव्याचे फोटो मंडळाच्या वेबसाइटवर कसे चढवायचे?

प्रेषक: कार्यकारिणी, फोटो विभाग

नमस्कार दादा,

यंदा अमेरिकेतल्या आपल्या मंडळात फोटोंचं काम माझ्याकडे आलंय. जुने अल्बम ज्या फुकट साइटवर होते ती बंद पडली, त्यामुळे मंडळाच्या पानावरच्या निम्म्या लिंका उघडत नाहीत. तुम्ही ठाण्याला परत गेलात तरी वेबसाइट तिथूनच सांभाळता आणि अल्बम कमांड टाइप करून बनवता, असं अध्यक्ष म्हणाले. मी दातांची डॉक्टर, मला हे जमेल का? शिवाय २०२४ च्या पाडव्याला आपली जी मंडळी ठाण्यात होती, त्यांचे तीनेकशे फोटो आलेत. त्यातली निम्मी स्वागतयात्रा आदल्या रात्रीची दाखवतेय!

---

प्रेषक: वेबसाइट, ठाणे

ताई,

नक्की जमेल.

आधी पाडव्याचं सांगतो. कॅमेरा तिकडून आणलेला, त्यातलं घड्याळ सेंट्रल टाइमवरच, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या वेळेवरच राहिलं. एप्रिलमध्ये आपल्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. ९ एप्रिलला सकाळी सातला कोपिनेश्वर मंदिरापाशी काढलेला फोटो त्या कॅमेऱ्याच्या लेखी ८ तारखेच्या रात्री साडेआठचा. फोनवर काढलेले बरोबर वेळेचे, म्हणून सरमिसळ झाली. फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते, तिच्या तारखेच्या रकान्यात वेळ कुठल्या देशाची हे लिहिलेलं नसतं. त्यासाठी वेगळा रकाना २०१६ साली आला, जुने कॅमेरे तो भरत नाहीत.

उपाय म्हणजे एक्झिफटूल, ही माहिती कमांड देऊन बदलणारं साधन. कॅमेऱ्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि त्या फोल्डरवर सगळ्या तारखांत १० तास ३० मिनिटं मिळवायची कमांड चालवा (नेमकी ओळ स्वतंत्र पाठवतो). मूळ फाइलची प्रत ते स्वतःच बाजूला ठेवतं. मात्र एकदाच चालवा, नाहीतर तीच यात्रा संध्याकाळी साडेपाचची होईल.

आता पद्धत. आपण सिगल वापरतो, पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं, अल्बम बनवणारं मोफत साधन आहे. त्याचा एकच नियम लक्षात ठेवा: फोल्डर म्हणजे अल्बम. फोल्डरात फोटो टाकायचे, सिगल बिल्ड म्हणायचं, की ते छोट्या आकाराच्या प्रती, चौकटीतली लहान चित्रं आणि ब्राउझरमध्ये उघडणारी एचटीएमएलची पानं तयार करून देतं. जे आधी बनलेलं आहे ते पुन्हा बनवत नाही, त्यामुळे शंभर जुन्या अल्बमांत एक नवा घातला तरी थांबावं लागत नाही. सर्व्हरवर ना डेटाबेस, ना लॉगिन. नुसत्या फाइली. उद्या सिगल बंद पडलं तरी पानं उघडतील आणि फोल्डर आपल्याकडे राहतील. त्या फुकट साइटच्या वेळी आपल्या हातात लिंकशिवाय काही उरलं नव्हतं, म्हणून मी या पद्धतीवर इतका अडून बसलोय.

फोल्डरची नावं रोमन लिपीत ठेवा, आधी वर्ष, मध्ये जागा सोडू नका. मराठीचं प्रेम मलाही आहे, पण वेबच्या पत्त्यात देवनागरीच्या एकेका खुणेची (मात्रा आणि पायमोडही वेगळी खूण) नऊ चिन्हं होतात. ‘गणेशोत्सव’ एवढा शब्द व्हॉट्सॲपवर चिकटवला की ८१ चिन्हांची माळ उमटते. मराठी शीर्षक पानावर दिसतंच. त्यासाठी फोल्डरात इंडेक्स डॉट एमडी ही साधी मजकुराची फाइल ठेवायची. मुखपृष्ठाचा फोटो कोणता तेही तिथेच सांगता येतं.

मुलांच्या फोटोंबाबत कृपया काळजी घ्या. फोनच्या फोटोत घराचं जीपीएस ठिकाण असू शकतं. मूळ फोटो जशाच्या तशा वेबसाइटवर ठेवण्याचा पर्याय सिगलमध्ये आहे, तो मी बंद ठेवलाय. त्याशिवाय चढवण्याआधी एक्झिफटूलने जीपीएसचे सगळे रकाने पुसतोच.

चढवायला आरसिंक, म्हणजे घरच्या फोल्डरातल्या फाइली सर्व्हरवर नेणारी कमांड. इथे मी एकदा मोठी चूक केली. फोटोंची बाहेरची डिस्क जोडलेली नव्हती, म्हणजे घरचा फोल्डर रिकामा होता, आणि ‘इकडे नाही ते तिकडूनही काढ’ हा डिलीटचा पर्याय लावून मी कमांड चालवली. सर्व्हरवरचे सगळे अल्बम गेले. मूळ प्रती डिस्कवर होत्या म्हणून पहाटेपर्यंत बसून परत उभे केले. तेव्हापासून आधी ड्राय रन करतो. काय चढणार, काय पुसलं जाणार याची यादी दिसते, प्रत्यक्षात काहीच होत नाही. ती यादी वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

हे सगळं दोन संध्याकाळींत शिकाल. मला खरी घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. फोटोच्याच नावाची एमडी फाइल शेजारी ठेवली की सिगल त्यातला मजकूर फोटोसोबत दाखवतं. त्यात नावं लिहायची आहेत. मंडळाच्या पहिल्या दहा वर्षांचे कागदी फोटो मी स्कॅन केलेत. त्यातल्या अर्ध्या माणसांना आजची कार्यकारिणी ओळखत नाही, आणि ओळखणारी पिढी आता निवृत्त होऊन ठाणे, डोंबिवली, वाशीकडे परतली आहे. दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन घंटाळीला एका काकूंकडे जातो. मागच्या खेपेला १९८६ च्या गणपतीच्या फोटोत समया पुसणाऱ्या बाईंकडे बघून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मोदकांचं सारण त्या वर्षी कुणाच्या स्वयंपाकघरात झालं तेही. सगळं तिथल्या तिथे टाइप केलं.

पाडव्याच्या फोटोंसाठीही हे आत्ताच करा. तलावपाळीवर फेटा बांधून उभे असलेले आजोबा कोण, हे वीस वर्षांनी विचारायला कुणी नसेल.

---

प्रेषक: एक जुने सभासद, वाशी

चि. दादास,

अल्बम पाहिला. एक दुरुस्ती. १९८६ च्या चौदा नंबरच्या फोटोत पेटीवर मी नाही, माझा धाकटा भाऊ आहे. मी त्या दिवशी तिसऱ्या पाळीला कामावर होतो आणि आरतीला पोचलो नाही, म्हणून पक्कं आठवतं. तबल्यावर जे आहेत त्यांचं नाव ‘?’ असं दिलंय, ते मला ठाऊक आहे. फोनवर सांगतो, सगळ्यांना पाठवण्यापूर्वी त्यांच्या मुलीला विचारलेलं बरं. माझ्याकडे त्याच दिवसाचे आणखी सहा फोटो एका पाकिटात आहेत.

---

प्रेषक: कार्यकारिणी, फोटो विभाग

दादा, कॅमेऱ्याचे १४२ फोटो साडेदहा तास पुढे सरकवले, एकदाच. यात्रा आता सकाळची झाली! ड्राय रनच्या यादीत पुसण्याच्या बाजूला दोन जुने अल्बम दिसले, म्हणून थांबलेय.

---

प्रेषक: वेबसाइट, ठाणे

ताई, थांबलात ते फार बरं केलंत. ते दोन अल्बम माझ्या डिस्कवर आहेत, तुमच्याकडे आलेलेच नाहीत. आज रात्री पाठवतो. तोवर डिलीटचा पर्याय काढून चालवा, नवे फोटो चढतील आणि जुन्यांना धक्का लागणार नाही.

काका, पेटीवरचं नाव बदललं. तबलजींच्या मुलीशी आधी बोलतो, मगच लिहितो. रविवारी अकराच्या सुमाराला ठाणे-वाशी लोकलने येतो, स्कॅनर सोबत आणतो. फोटो पाकिटातून आत्ताच काढू नका, आणि मागे पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर पुसू नका. मागच्या बाजूचाही स्कॅन घेऊ.