मदत हवी आहे: २.२ किलोच्या कुत्रीला गोचिडी आणि पिसवांपासून कसं वाचवू?

नमस्कार मंडळी,

आमची चिंगी टॉय पॉमेरेनियन आहे. वय तीन वर्षं, वजन २.२ किलो. तिच्या अंगावर गोचिडी सापडायला लागल्यात आणि शेपटीच्या बुडाशी पिसवाही झाल्यात. या विषयावर पूर्वी बरंच लिहिलं गेलंय, ते सगळं वाचलं. पण बहुतेक सल्ले पंधरा-वीस किलोच्या कुत्र्यांना धरून दिलेले आहेत. एवढ्याशा जिवाला काय झेपतं, ते मला हवं आहे.

तिचे केस इतके दाट आहेत की वरून हात फिरवून काहीच लागत नाही. केस उलटे करून, फुंकर मारत मारत कातडी बघावी लागते. गोचिडी सापडतात त्या कानाच्या आतल्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत आणि पुढच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यात. काल बेचक्यातून मुगाएवढी टम्म फुगलेली निघाली. पिसवा सहसा नजरेला पडत नाहीत, पण फणीने विंचरल्यावर जे काळे कण पडतात ते ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवले की भोवती तांबूस डाग पसरतो. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे चिंगीचंच रक्त.

कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८५ मिली रक्त असतं. म्हणजे चिंगीच्या अंगात सगळं मिळून दोनशे मिलीसुद्धा नाही. मोठ्या कुत्र्याच्या अंगावरच्या पंधरा गोचिडी आणि हिच्या अंगावरच्या पंधरा गोचिडी एकसारख्या कशा मानायच्या?

आता अडचण. एका डॉक्टरांनी चघळायची गोळी सांगितली, दुसऱ्यांनी मानेवर टाकायचे थेंब. चिंगीला पिल्लू असताना एकदा फिट आली होती, नंतर कधीच नाही. हे ऐकल्यावर पहिले डॉक्टर म्हणाले, चालेल, लक्ष ठेवा. दुसरे म्हणाले, गोळी नकोच. शिवाय घरात मांजर आहे आणि दोघी एकमेकींना बिलगूनच झोपतात, एकमेकींना चाटतात. त्यामुळे चिंगीच्या अंगावर जे लावू ते मांजरीच्या पोटात जाणार.

आणि परवा खिडकीजवळ भिंतीवर, चांगली डोक्याच्या उंचीवर, एक गोचीड चढताना दिसली. कुत्रीच्या अंगावरची गोचीड तिथे काय करतेय?

फिटचा इतिहास असलेलं लहान कुत्रं कुणी सांभाळलं असेल तर त्याला काय दिलंत, ते जरूर सांगा. घराचं काय करायचं तेही सांगा. टी ट्री तेल आणि लसणाचे घरगुती उपाय बऱ्याच जणांनी सुचवलेत, ते लहान कुत्र्याला चालतात का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे. टी ट्री तेल अजिबात लावू नका. कातडीतून शोषलं जातं, आणि लहान कुत्र्याला थरथर, अशक्तपणा, तोल जाणं इथपर्यंत त्रास होतो. मांजरीला तर त्याहून जास्त. लसूण कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फोडतो. आधीच रक्त जातंय तिथे तो कशाला?

गोचीड काढताना तेल, रॉकेल, काडीचा चटका असलं काही करू नका. टोकदार चिमट्याने कातडीलगत पकडा आणि न पिळता, एका दमात सरळ वर ओढा. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका.

प्रतिसाद

माझ्याकडे दोन किलोच्या आसपासची चिवावा आहे आणि तिलाही फिट येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्या गोळ्यांबद्दल तुम्ही बोलताय त्या आयसोक्साझोलिन गटातल्या: फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर. औषधं चांगली आहेत, बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही. पण २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) या पूर्ण गटाबद्दल सूचना काढली होती, की काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं आणि फिट असे त्रास दिसलेत आणि फिटचा इतिहास असेल तर जपून द्या. त्यामुळे तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे.

यात वजनाचा एक मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. गोळी थेट किलोच्या हिशेबाने मिळत नाही, वजनाच्या टप्प्यावर मिळते. फ्लुरालानरचा सर्वात लहान टप्पा २ ते ४.५ किलो, आणि गोळी एकच, ११२.५ मिलिग्रॅमची. साडेचार किलोच्या कुत्र्याला ती किलोमागे २५ मिलिग्रॅम पडते, तुमच्या चिंगीला ५१. हे मान्य मर्यादेतच आहे, पण चिंगी त्या मर्यादेच्या वरच्या टोकाला आहे. शिवाय तिचा असर १२ आठवडे टिकतो, म्हणजे त्रास झालाच तर औषध पटकन अंगातून जात नाही. आमच्या डॉक्टरांनी याच कारणाने गोळी टाळली आणि फ्लुमेथ्रिन-इमिडाक्लोप्रिड या कीडनाशकांचा गळ्यात घालायचा पट्टा दिला. त्यात ८ किलोपर्यंतच्या कुत्र्यांसाठी लहान पट्टा वेगळा येतो आणि तसाच पट्टा मांजरांसाठीही मान्य आहे. तुमच्या घरी मांजर आहे म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

थेंब घेणार असाल तर पाकिटावरचे घटक स्वतः वाचा. पर्मेथ्रिन असेल तर ते घरात आणूच नका. मांजरीच्या यकृताला ते पचवता येत नाही, कुत्रीच्या अंगाला अंग घासूनही मांजर जिवाला मुकू शकते. फिप्रोनिलचे थेंब २ किलोच्या पुढे चालतात, पण आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको, आणि थेंब वाळेपर्यंत दोघींना वेगळं ठेवा. मोठ्या कुत्र्याचं पाकीट आणून अंदाजाने अर्धं टाकणं तर कधीच नको. एवढ्या लहान कुत्रीत दोन-चार थेंब इकडचे तिकडे झाले तरी फरक पडतो.

भिंतीवरच्या गोचिडीबद्दल. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घरात मुक्काम करणारी आहे. पोट भरलं की मादी खाली पडते, मग वर चढते आणि फटीत, चौकटीमागे, पडद्याच्या घडीत हजारोंनी अंडी घालते. प्रत्येक अवस्थेत एकदाच रक्त पिते, मधला सगळा काळ फटीत काढते आणि उपाशी कित्येक महिने राहू शकते. म्हणून फक्त कुत्री साफ करून भागत नाही. भिंतीच्या फटी बुजवा, चौकटी आणि पलंगाचे सांधे नळीच्या व्हॅक्यूमने ओढून घ्या, पिशवी लगेच बाहेर टाका.

पिसवांचं गणित आणखी विचित्र आहे. अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या जेमतेम पाच टक्के, बाकीचा पसारा अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात अंथरुणात आणि सतरंजीत असतो. कोषावर औषध चालत नाही. त्यामुळे उपचारानंतरही काही आठवडे नव्या पिसवा निघत राहतात, तेव्हा औषध फुकट गेलं असं समजून दुसरं औषध वर टाकू नका. अंथरूण दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. मांजरीचाही उपचार त्याच दिवशी करा.

आणि एक विनंती. चिंगीच्या हिरड्या रोज बघा. फिकट दिसल्या, लघवी गडद झाली, नाकातून रक्त आलं किंवा जेवण सोडलं, तर थांबू नका. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्तपेशींवर हल्ला करणारे दोन्ही रोगजंतू गोचिडीतून येतात. रक्त तपासून प्लेटलेट बघायला सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गोळीच्या टप्प्याचा हिशेब मला कुणी असा सांगितलाच नव्हता. आज हिरड्या बघितल्या, गुलाबी आहेत. उद्या प्लेटलेटसाठी रक्त देणार आहोत आणि पट्ट्याबद्दल डॉक्टरांशी बोलणार आहे. मांजरीलाही बरोबर नेते.

एक विचारायचं राहिलं. केस इतके दाट आहेत तर पूर्ण कापून टाकले तर शोधणं सोपं जाईल का?

प्रतिसाद

पॉमेरेनियनचे केस मुळापासून उडवू नका. या जातीत ते पुन्हा नीट येतीलच असं नाही, कधी कधी महिनोन्‌महिने टक्कल राहतं. कानाभोवतीचे आणि बोटांच्या बेचक्यातले तेवढे आखूड करा, गोचिडी तिथेच जास्त लपतात. पट्टा घालताना मात्र मानेवरचे केस बाजूला करून तो कातडीला टेकतोय ना ते बघा, आणि आत दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा.