मदत हवी आहे : जुन्या मुंबईचं ८ मिमी रीळ स्कॅन करायचंय

आजोबांनी चित्रित केलेलं ५० फुटी रीळ सापडलंय, जेमतेम चार मिनिटांचं. भिंगातून पाहिलं तर बोरीबंदरची ट्राम दिसते. पुढे भाऊच्या धक्क्यावर कोकणात निघालेली बोट, आणि डोक्यावर ट्रंक घेऊन फळीवरून चढणारा एक माणूस, दुसऱ्या हाताने धोतराचा सोगा सावरत. ती मुंबई हलताना बघायचीय.

मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, म्हणजे चित्रण त्याआधीचं. सुपर ८ हा ८ मिमीचा पुढचा प्रकार आला १९६५ मध्ये, त्यामुळे हे साधं ८ मिमीच.

एका दुकानात दुसरं रीळ देऊन पाहिलं. त्यांनी पडद्यावर टाकून कॅमेऱ्याने टिपलं. चित्र लुकलुकतं, चेहरे पांढरेफटक. ह्या रिळाला तर व्हिनेगरसारखा वास येतोय, म्हणजे फिल्म खराब होतेय, शिवाय ती आकसलीय, म्हणून प्रोजेक्टरवर चढवणार नाही. कुरिअरनेही पाठवायचं नाही, स्वतः घेऊन जाईन.

आकसलेली फिल्म, तिच्या भोकांत अडकणाऱ्या दातेरी चाकाशिवाय, एकेक फ्रेम स्कॅन करणारं मुंबई-पुण्यात कोणी आहे का? आणि तोवर रीळ फ्रिजमध्ये ठेवू की हवेशीर डब्यात?